ओलं स्क्रॅप हेडसेटमध्ये टाकू द्या, भट्टीत नको

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीमालकांचं पत्र आहे. थोडं आटोपशीर करून देतो:

"आमच्याकडे एक टनाच्या दोन इंडक्शन भट्ट्या आहेत. ग्रे आणि एसजी, दोन्ही आयर्न (बिडाच्या जाती) ओततो. दर दोन-तीन महिन्यांनी दहा-बारा नवी पोरं भरती होतात, निम्मी पंचक्रोशीतली, निम्मी बिहार-ओडिशाची. जुने मेल्टर (भट्टी सांभाळणारे) आता एकेक करून निवृत्त होतील. मध्यंतरी एका कंपनीनं व्हीआर (आभासी वास्तव) ट्रेनिंगचा डेमो दिला. हेडसेट घालायचा, हातात कंट्रोलर घ्यायचा आणि लॅडलनं, म्हणजे रसाच्या भांड्यानं, साच्यात मेटल ओतायचं. सहा हेडसेट आणि सॉफ्टवेअरचा कोट आलाय. मुलगा म्हणतो घेऊया. आमचा फौंड्री मॅनेजर म्हणतो, 'मालक, ह्यो व्हिडिओ गेम हाय. यातनं कोण ओतायला शिकत न्हाई.' कुणाचं ऐकू? आणि आमच्याकडे कास्टिंग सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर आधीच आहे, त्याचंच व्हीआर करता येणार नाही का?"

नमस्कार. ओतण्याच्या बाबतीत तुमच्या मॅनेजरचं शंभर टक्के बरोबर आहे. म्हणून डेमोत जे दाखवलं, नेमकं तेच विकत घेऊ नका. पण व्हीआर घ्यायचंच नाही, असं त्यातून निघत नाही.

आधी ओतण्याचं बघू. पन्नास किलो लोखंड म्हणजे साधारण सात लिटर रस. लॅडलचं आणि अस्तराचं वजन वेगळं. दोघं मिळून दांडी धरतात, रस हिंदकळतो, ओतता ओतता वजन हलकं होत जातं आणि तसा मनगटाचा हिशेब बदलत जातो. लॅडलची चोच साच्याच्या तोंडावरच्या कपाच्या जवळ हवी, कप शेवटपर्यंत भरलेला हवा, धार मध्ये तुटता कामा नये. तुटली की कोल्ड शट (रस एकजीव न होता राहिलेली फट), कप रिकामा पडला की स्लॅग, म्हणजे रसावरची मळी, आत. हे सगळं हात, कंबर आणि पाय शिकतात. आणि डेमोतल्या पोराच्या हातात काय होतं? दीडशे ग्रॅमही न भरणारा प्लॅस्टिकचा कंट्रोलर. त्यावर तो पन्नास वेळा ओतायला 'शिकला' तरी खऱ्या लॅडलला हात लावल्यावर पहिल्या दिवशी येतो तिथंच असेल. किंबहुना थोडा मागेच, कारण आता त्याला वाटतं की आपल्याला येतं.

ओतण्याच्या सरावाला स्वस्त आणि चांगला उपाय आहे: पाणी. वितळलेलं लोखंड दिसायला जड वाटलं तरी त्याची वाहण्याची चाल पाण्याच्या फार जवळची असते, म्हणून गेटिंगचा, म्हणजे साच्यात रस नेणाऱ्या वाटांचा, अभ्यास करणारेही पाण्याचे मॉडेल वापरतात. एक बाद लॅडल घ्या. सात लिटर पाण्याचं वजन सातच किलो, म्हणून लॅडलच्या बुडाशी लोखंडी पट्ट्या पक्क्या बोल्ट करून उरलेलं वजन भरून काढा. हे वजन ओतताना कमी होत नाही, तेवढा फरक राहतो. कप आणि स्प्रू (कपाखालची उभी नळी) पारदर्शक ॲक्रिलिकचे करून घ्या, म्हणजे कप भरलेला राहतोय की नाही ते शिकणाऱ्याला आणि शिकवणाऱ्याला दोघांना दिसतं. मात्र एक अट जिवाच्या मोलाची आहे. हा सराव भट्टीच्या शेडमध्ये करायचा नाही. ही लॅडल निळी रंगवा, तिची कडी खऱ्या क्रेनच्या हुकात बसणारच नाही अशी करा आणि काम झालं की कुलुपात ठेवा. चुकून ही ओली लॅडल टॅपिंगखाली, म्हणजे भट्टीतून रस काढतात तिथं, गेली तर पुढं काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. ओले हातमोजे आणि बूटही तिथंच सोडून यायचे.

आता व्हीआर कशासाठी? जी चूक खऱ्या भट्टीवर एकदाही होऊ द्यायची नाही, तरीही जिचा सराव व्हायलाच हवा, त्या चुकीसाठी.

ही कल्पना जुनीच आहे. एडविन लिंक या अमेरिकन माणसानं १९२९ मध्ये विमानाचा सिम्युलेटर केला, तोही वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यातले भाते आणि पंप वापरून. सुरुवातीला तो बराचसा जत्रेतल्या खेळण्यासारखाच खपला. १९३४ मध्ये खराब हवेत टपाल वाहताना अमेरिकी लष्कराचे वैमानिक मरायला लागले, तेव्हा लष्करानं सहा यंत्रं विकत घेतली. ढगात शिरल्यावर बाहेर न बघता फक्त काट्यांवर विमान सांभाळायचं, एवढ्याच कामासाठी. तुमचा ढग कुठला, ते आधी ठरवा.

आमच्या मते तुमचे ढग तीन आहेत: ओला चार्ज (भट्टीत टाकायचा माल), वीज जाणं आणि ब्रिजिंग (तो माल वरच अडकणं). यातला पहिलाच आधी करून घ्या.

कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जून ते सप्टेंबर स्क्रॅप यार्डात ताडपत्री असली तरी खालून पाणी येतंच. पाण्याची वाफ झाली की जागा साधारण सतराशे पट लागते. वाटीभर पाण्याची वाफ दोनशे लिटरच्या पिंपात मावत नाही. हे पाणी रसाच्या वर पडलं तर बरंचसं उडून जातं, रसाच्या खाली अडकलं तर सगळा रस वर फेकतं. म्हणून धोका ओल्या दिसणाऱ्या तुकड्यात कमी आणि पाणी लपवणाऱ्या तुकड्यात जास्त. दोन्ही टोकं चेपलेला पाइप, बंद सिलिंडर, प्रेस केलेला गठ्ठा, कूलंट धरून बसलेलं बोरिंग (मशीनवरचा कीस), आतून पोकळ कास्टिंग. नवं पोरगं पाण्यानं चमकणारा तुकडा बाजूला ठेवतं आणि वरून कोरडा दिसणारा पाइप भट्टीत टाकतं.

व्हीआरमधला प्रसंग असा बांधा. शिकणारा चार्जिंग प्लॅटफॉर्मवर उभा आहे, भट्टीत थोडा रस शिल्लक आहे, समोर चौदा तुकडे. त्यातले पाच घातक, आणि त्या पाचांतला एकच उघड ओला. प्रत्येक तुकडा उचलून, फिरवून, टोकं बघून निर्णय घ्यायचा: चार्जमध्ये, वाळवायला की बाहेर. तुकड्यांचा क्रम दर वेळी बदलला पाहिजे, नाहीतर तिसऱ्या फेरीला 'पाचवा नि नववा बाद' एवढंच पाठ होतं.

चुकीचा तुकडा आत गेला तर काय दाखवायचं, यावर व्हेंडरशी तुमचा वाद होणार. त्यांना सिनेमातल्यासारखा स्फोट हवा असतो. तो नको. स्फोट भारी झाला की पोरं मुद्दाम पाइप टाकून बघतात. एक मोठा आवाज, स्क्रीन काळी, तीन सेकंद शांतता. मग तोच प्रसंग पुन्हा, पण शेजारी उभ्या असलेल्या हेल्परच्या डोळ्यांतून. त्यातून कुणी गंमत काढत नाही.

वीज जाण्याचा प्रसंग पॅनेलवर अवलंबून आहे. लाइट गेली, भट्टी थांबली, सगळे हुश्श करून बसले. पण आतला रस चौदाशे-पंधराशे अंशांवर तसाच आहे आणि भट्टीभोवतीच्या तांब्याच्या कॉइलला थंड ठेवणारं पाणी थांबलंय. कॉइलमध्ये वाफ धरली, इन्सुलेशन जळालं, तांबं गेलं, तर पाणी आणि रस समोरासमोर येतात. म्हणून शिकणाऱ्यानं इमर्जन्सी पाण्याकडे, म्हणजे तुमच्याकडे डिझेल पंप किंवा वरची टाकी जे असेल तिकडे, किती सेकंदांत पोचून कोणता व्हॉल्व्ह कोणत्या दिशेनं फिरवला, हे मोजायचं. इथं तयार 'स्टँडर्ड' भट्टीचं मॉडेल चालणार नाही. व्हॉल्व्ह तुमच्याकडे डावीकडे आणि मॉडेलमध्ये उजवीकडे असेल, तर अंधारात पोरगं उजवीकडेच धावेल. चुकीचं शिकवणं हे न शिकवण्यापेक्षा महाग पडतं ते असं. पॅनेलचे फोटो, बटणांवरची तुमची खडूची नावं, पायऱ्यांची उंची, सगळं मोजून द्या.

ब्रिजिंगमध्ये वरचा चार्ज अडकून पूल धरतो, खालचा रस नजरेआड तापत राहतो आणि अस्तर खायला लागतो. पूल पक्का झाल्यावर सळई घेऊन वर वाकणारा माणूस या प्रसंगात नापास. पॉवर बंद, माणसं मागे, सुपरवायझरला हाक, हा क्रम. त्यापुढचं भट्टी बनवणाऱ्यानं दिलेल्या सूचनेप्रमाणेच लिहून घ्या. त्यात व्हेंडरचं डोकं चालू देऊ नका.

रंगावरून तापमान ओळखायला मात्र हेडसेटमध्ये शिकवू नका. स्क्रीनचा नारिंगी आणि खऱ्या रसाची झळाळी यांचा मेळ बसत नाही. तापमान थर्मोकपलची टिप रसात बुडवूनच घ्यायचं, हीच सवय लावा.

तुमच्या कास्टिंग सिम्युलेशनबद्दल थोडक्यात: नाही होणार. ते सॉफ्टवेअर रस साच्यात कसा भरतो आणि कसा गोठतो याचं गणित मिनिटं-तास घेऊन करतं. हेडसेटला सेकंदाला निदान ७२ चित्रं लागतात, म्हणजे एका चित्राला १४ मिलिसेकंदही मिळत नाहीत. त्याचे निकाल, श्रिंकेज (गोठताना पडणारी पोकळी) कुठं येतं वगैरे, त्रिमितीत दाखवता येतील. पॅटर्न (साच्याचा नमुना) करणाऱ्यांना ते उपयोगी पडेल, भट्टीवरच्या पोरांना नाही.

आता सामान. सहा हेडसेट नकोत, दोन घ्या. एक चालू, एक चार्जिंगला. मेटा क्वेस्ट ३ सारख्या हेडसेटची बॅटरी सव्वादोन तासांच्या आसपास जाते आणि एका माणसाला एका वेळी दहा-बारा मिनिटांपेक्षा जास्त द्यायचंच नाही. दहा जणांची बॅच दोन तासांत होते. बाकीचे मोठ्या स्क्रीनवर त्याचं बघतात, आणि शिकतात ते बरंचसं तिथंच, दुसऱ्याची चूक बघून. सहा जण सहा हेडसेटमध्ये गेले की एका प्रशिक्षकाला एकाकडेही नीट लक्ष देता येत नाही.

डोळ्यांमधलं अंतर प्रत्येकाचं वेगळं असतं. क्वेस्ट ३ मध्ये ते चाक फिरवून जुळवता येतं, ३ एसमध्ये तीनच ठरलेल्या जागा आहेत. पन्नास जणांच्या डोक्यावर चढणार असेल तर चाकवाला बरा. कुठलाही घ्या, पण भारतात वॉरंटी कोण देणार हे बिलावर लिहून घ्या. बाहेरून आणलेला माल बिघडला की कुणी वाली नसतो.

खोली ऑफिसच्या बाजूला हवी, शॉपजवळ अजिबात नको. फौंड्रीची काळी वाळू लेन्सवर बसली आणि कुणी रुमालानं पुसली की लेन्स गेली. एका माणसाला दहा बाय दहा फूट मोकळी जागा. वर सीलिंग फॅन असेल तर तो काढा किंवा ती जागा सोडा. हेडसेटमधला माणूस हात वर करतो तेव्हा त्याला फॅन दिसत नसतो. हेडसेट कॅमेऱ्यांनी खोली बघून स्वतःची जागा ओळखतो, म्हणून चारही भिंती कोऱ्या पांढऱ्या असतील तर गोंधळतो. चार सेफ्टी पोस्टर लावा, काम भागतं. मोठा आरसा झाका. ट्यूबलाइटखाली चित्र थरथरत असेल तर सेटिंगमध्ये ट्रॅकिंग ५० हर्ट्झवर टाका. आणि खिडकीतलं ऊन लेन्सवर पडू देऊ नका. लेन्स भिंगासारखी ऊन गोळा करते आणि आतला पडदा जाळते. जेवायला जाताना टेबलावर लेन्स वर करून ठेवलेला हेडसेट वाया जायला फार वेळ लागत नाही.

चेहऱ्याला लागणारी कापडी गादी काढून सिलिकॉनची लावा. घाम, डोक्याचं तेल, कपाळाचा गंध आणि जोतिबाहून आलेल्या पोराच्या केसांतला गुलाल, सगळं तिथं जमतं. प्रत्येक माणसानंतर बिनअल्कोहोलच्या वाइपनं गादी पुसा. लेन्स फक्त कोरड्या मायक्रोफायबरनं, तीही आधी फुंकणीनं धूळ उडवून. पावसाळ्यात हेडसेट सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या बंद डब्यात ठेवा, बुरशी लेन्सला धरते. बरेच दिवस वापर नसेल तर बॅटरी निम्मी भरून ठेवा आणि कंट्रोलरचे सेल काढा.

चक्कर आणि मळमळ हा विषय पोरं सांगत नाहीत म्हणून अवघड. डोळ्यांना आपण चाललोय असं दिसतं आणि कानातला तोल म्हणतो उभा आहेस, या भांडणातून ती येते. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोलरच्या काडीनं 'चालवणं' नसावं. प्लॅटफॉर्म दहा बाय दहात मावेल एवढाच बांधा आणि माणसाला खऱ्या पायांनी चालू द्या. चित्र अडखळलं तरी मळमळ होते. मशीनच्या कॅड मॉडेलमध्ये प्रत्येक नटबोल्ट असतो, तो सगळा हेडसेटवर चढवला की चित्रांचा वेग पडतो. न दिसणारे भाग काढून टाकायला सांगा आणि स्क्रीनवर वेग दाखवणारा आकडा चालू ठेवून स्वतः बघून घ्या. ७२ च्या खाली एकदाही जाता कामा नये.

पहिली वेळ पाच मिनिटांची. रात्रपाळी करून आलेला, उपाशी असलेला किंवा आत्ताच दोन प्लेट मिसळ चापून आलेला, यांना त्या दिवशी बसवू नका. फिट येण्याचा इतिहास असेल तर अजिबात नाही. मायग्रेन किंवा पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. मळमळ मोजायला १९९३ पासून वापरात असलेली सोळा लक्षणांची प्रश्नावली आहे, पण तुमच्या शॉपवर एवढं पुरे:

"दादा, कसं वाटतंय?"

"काय न्हाई, बेस हाय."

इथं थांबू नका. "तोंडाला पाणी सुटलंय? कपाळाला गार घाम? ढेकर?" असं एकेक विचारा. यातल्या एकालाही हो आलं की हेडसेट काढा, बसवा, पाणी द्या. 'अजून दोनच मिनिटं' करू नका, त्यानं पुढच्या वेळीही तेच होतं. सत्रानंतर अर्धा तास क्रेन, फोर्कलिफ्ट, मोटारसायकल नाही.

सूचना ऐकू येणाऱ्या असाव्यात, वाचायच्या पाट्या नकोत. मराठी, हिंदी, ओडिया अशा तीन आवाजांच्या फाइली सुट्या ठेवून घ्या, म्हणजे वाक्य बदललं तर सगळं सॉफ्टवेअर परत बांधावं लागत नाही. आवाज तुमच्याच मेल्टरचा घ्या. तो 'कृपया भारण सामग्री तपासा' म्हणत नाही, 'टोकं बघ आधी' म्हणतो.

करारात चार गोष्टी हव्यात. मूळ प्रोजेक्ट फाइली आणि मॉडेल तुमच्या मालकीचे. इंटरनेट नसताना चालणारं. प्रत्येकाची नोंद, म्हणजे कोणता तुकडा कुठं टाकला आणि किती सेकंद लागले, साध्या एक्सेलमध्ये निघणारी. आणि वर्षभरात पॅनेल बदललं तर दुरुस्तीचा दर आजच ठरलेला. शेवटचा हप्ता तुमच्या दहा पोरांनी पूर्ण फेरी केल्यावरच द्या. कॉलेजच्या मुलांकडून प्रोजेक्ट म्हणून करून घेणं स्वस्त पडतं, पण पोरं पास होऊन पुण्याला जातात आणि मागं कुणालाच न उघडणारी फाइल राहते. मूळ फाइलींची अट तिथंही घाला.

एवढा खर्च आत्ता नको असेल तर ३६० अंशांच्या कॅमेऱ्यानं भट्टी, यार्ड, ओतकाम चित्रित करा आणि तेच हेडसेटमध्ये दाखवा. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, सव्वापाच फुटांच्या आसपास, आणि ठिणगीच्या टप्प्याबाहेर. ज्यानं भट्टी कधी पाहिलेलीच नाही त्याची पहिल्या दिवसाची भीती आणि गोंधळ यानं कमी होतो. पण त्यात वाकून पाइपचं टोक बघता येत नाही, म्हणून ओल्या स्क्रॅपचं काम ते करणार नाही.

फायदा झाला की नाही हे हेडसेटमधल्या गुणांवरून ठरवू नका. पुढची एक बॅच नेहमीच्या पद्धतीनं तयार करा, त्यापुढची व्हीआर घेऊन. दोन्ही बॅचना पहिल्या आठवड्यात आणि तीस दिवसांनी खऱ्या यार्डात, भट्टीपासून लांब, तेच काम द्या: खरे चौदा तुकडे, त्यात पाच घातक. किती जणांनी पाइपची टोकं बघितली ते लपून मोजा. वीज जाण्याची ड्रिल थंड भट्टीवर घ्या आणि घड्याळ लावा. तीस दिवसांनी दोन्ही बॅच सारख्याच निघाल्या, तर पुढचे दोन प्रसंग करून घेऊ नका.

आता कोट परत पाठवा, पण त्याआधी तुमच्या मॅनेजरला आणि सगळ्यात जुन्या मेल्टरला एक दुपार चहा देऊन बसवा. गेल्या काही वर्षांत यार्डात आणि भट्टीवर कोण कुठं चुकलं, थोडक्यात वाचलेले प्रसंगसुद्धा, बोलतील तसं लिहून घ्या. व्हेंडरला जोडायचा कागद तो. 'हा गेम हाय' म्हणणाऱ्या माणसाचीच यादी त्या चौदा तुकड्यांत आली पाहिजे, आणि पहिली चाचणीही त्यालाच घेऊ द्या.